कोस्टल रोडवर टोल नाही, मग बेस्टचं भाडं दुप्पट का झालं?

9 मे 2025. बेस्टचं किमान भाडं एका फटक्यात 5 रुपयांवरून 10 रुपये झालं. एसी बसचं 6 वरून 12. भाडं दुप्पट झालं, पण बस वाढल्या नाहीत. एकेकाळी साडेचार हजारांच्या घरात असलेला ताफा तोवर तीन हजारांच्या खाली आला होता.

याच मुंबईत महापालिकेनं सुमारे 14 हजार कोटी खर्चून साडेदहा किलोमीटरचा कोस्टल रोड बांधला. मार्च 2024 पासून तो टप्प्याटप्प्यानं खुला झाला. कारला टोल नाही. स्कूटर आणि रिक्षाला मात्र प्रवेशच नाही.

बेस्टही महापालिकेचीच. मग असं का?

पहिलं कारण, तिजोरी. बेस्टचं बजेट वेगळं असतं. पूर्वी बसचा तोटा वीज विभागाच्या कमाईतून भरून निघायचा. पुढे वीजग्राहकांकडून ही वसुली बंद झाली आणि बेस्ट पालिकेच्या अनुदानावर आली. 2025-26 मध्ये पालिकेचं बजेट होतं 74,427 कोटींचं. त्यात बेस्टला अनुदान 1,000 कोटी. म्हणजे शंभर रुपयांत दीड रुपयाही नाही.

दुसरं कारण, हिशोबाची पद्धत. टोल नसलेला रस्ता काहीच कमवत नाही, तरी त्याला ‘विकास’ म्हणतात. बस तिकिटातून काही पैसे परत आणते, तरी उरलेल्या खर्चाला ‘तोटा’ म्हणतात. शिवाय रस्त्याची फीत कापता येते. दर दहा मिनिटांनी वेळेवर येणाऱ्या बसची फीत कोण कापणार?

तिसरं कारण, कंत्राट. जुन्या गाड्या भंगारात गेल्या आणि त्यांची जागा भाडेतत्त्वावरच्या बसनी घेतली. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हरही त्याचाच, बेस्ट किलोमीटरमागे पैसे देते. त्यामुळे कंत्राटदारानं काम सोडलं की त्याच्या गाड्याही रस्त्यावरून गायब होतात.

आणि हे सगळं विचारायचं कुणाला? मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. भाडेवाढीवर सभागृहात वाद झाला नाही, कारण सभागृहच नव्हतं.

आता नगरसेवक आहेत. वॉर्डात ते भेटले, की गटार आणि खड्ड्यांसोबत एक प्रश्न त्यांना विचारता येईल: यंदा बेस्टच्या मालकीच्या किती बस घेणार?