चमत्कार हरतो ती गोष्ट

शाळेच्या वाचनालयासाठी नव्या पुस्तकांची यादी करीत असताना आम्हा माजी विद्यार्थ्यांत एक वाद उपस्थित झाला, आणि तो अद्याप पुरता मिटलेला नाही. यादीत ज्यू लोकांच्या परंपरागत कथा-दंतकथांचा एक संग्रह होता. एका पालकांनी नेमके त्यावर बोट ठेवले. मातीचा माणूस चालू लागतो, प्रेषित भिकाऱ्याच्या वेषात दारी येतो, राक्षस राजाला शेकडो कोस दूर भिरकावून स्वतः सिंहासनावर बसतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतील मुलांच्या हाती हे कशासाठी द्यायचे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. अंधश्रद्धेची किंमत आपल्या वाडवडिलांनी मोजली आहे. तेव्हा तो हसण्यावारी नेता येणार नाही. तरीही तो संग्रह यादीत राहावा, असे आमचे मत आहे, आणि त्याची कारणे येथे मांडीत आहोत.

या कथा परक्या आहेत, हा समजच आधी तपासून पाहावा. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा पश्चिमेकडे प्रवास करीत अरबी भाषेत गेली, आणि तेराव्या शतकात बार्सिलोना येथील अब्राहम इब्न हसदाई या ज्यू पंडिताने तिला हिब्रू रूप दिले. ‘राजपुत्र आणि विरक्त’ अशा अर्थाच्या नावाने ते पुस्तक ज्यू घरांतून वाचले गेले. ज्या वाचकांनी ‘बुद्ध’ हा शब्दही ऐकला नसेल, त्यांनी त्याची कथा आपली म्हणून मुलांना सांगितली. एका मुलावर दोन स्त्रिया हक्क सांगतात, तेव्हा जातकातील महोसध पंडित रेषा आखून मुलाला दोन्हीकडून ओढावयास लावतो, तर तिकडे शलमोन राजा तलवार मागवितो. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद विद्वानांनी घालावा. आणि बेने इस्राएल तर आपल्या कोकणातलेच. गलबत फुटून नौगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांची त्यांची मूळकथा, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेले ‘शनिवार तेली’ हे नाव, अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर प्रेषित एलियाच्या रथाच्या खुणा दाखविणारी श्रद्धा, हे सारे मराठीतच सांगितले जात आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर या समाजाने आपल्या धर्मग्रंथांतील आख्याने मराठी कीर्तनांतून गायिली.

पण आमचा मुख्य आधार हा नव्हे. आमचा आधार आहे तालमुदातील एक कथा, आणि ती थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे.

प्रश्न अगदी क्षुल्लक होता. तुकडे करून मध्ये वाळू भरून जोडलेली एक भट्टी शुद्ध मानावी की अशुद्ध? रब्बी एलिएझर एकटे म्हणत होते, शुद्ध. बाकी सारे म्हणत होते, अशुद्ध. युक्तिवाद संपले तेव्हा एलिएझर म्हणाले, माझे खरे असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड उपटून शंभर हात दूर गेले. इतरांनी उत्तर दिले की झाडाने काही सिद्ध होत नाही. मग पाण्याचा पाट उलटा वाहू लागला. पाटानेही काही सिद्ध होत नाही, असे उत्तर आले. विद्यालयाच्या भिंती कलू लागल्या, तेव्हा रब्बी यहोशुआ भिंतींवरच ओरडले, की विद्वान वाद घालीत असताना तुमचा काय संबंध? दोघांचाही मान राखण्यासाठी भिंती पडल्या नाहीत आणि सरळही झाल्या नाहीत. शेवटी आकाशवाणी झाली की एलिएझरांचेच खरे. यहोशुआ उभे राहिले आणि म्हणाले की निर्णय आता आकाशात होत नाही. तो येथे, बहुमताने होतो. पुढे कोणी प्रेषित एलियाला विचारले की त्या क्षणी देवाने काय केले? तो हसला, आणि मुलांनी मला हरविले, असे म्हणाला.

ईश्वर मानणाऱ्या लोकांनी आपल्या परमपवित्र ग्रंथात ही कथा जपून ठेवावी, याचे आम्हास आजही नवल वाटते. कालामांना दिलेला उपदेश ज्या शाळेत शिकविला जातो, तेथील मुलांस ती समजावयास फारसे कष्ट पडू नयेत.

बहुतेक संग्रहांत कथा येथेच संपते, आणि ती तशी संपविणे ही लबाडी आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. मूळ कथेत बहुमताने जिंकलेल्या मंडळींनी पुढे एलिएझरांनी शुद्ध ठरविलेल्या साऱ्या वस्तू आणून जाळल्या आणि त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ही बातमी सांगावयास अकीवा काळी वस्त्रे नेसून गेले आणि चार हात दूर बसले. आज असे दूर का, असे गुरूंनी विचारले. तुमचे सोबती तुमच्यापासून दूर झालेले दिसतात, एवढेच शिष्य म्हणाला. एलिएझरांनी वस्त्र फाडले, पायांतले काढले, ते जमिनीवर बसले आणि रडले. सभेचे प्रमुख गमलिएल हे त्यांच्या पत्नीचे, इम्मा शालोम यांचे, भाऊ. नवऱ्याने दुःखाच्या भरात प्रार्थनेसाठी जमिनीवर पडू नये म्हणून ती बाई रोज पहारा देत असे. त्याच्या त्या प्रार्थनेने आपला भाऊ मरेल, हे तिला ठाऊक होते. एके दिवशी दारी भिकारी आला. ती भाकरी घेऊन बाहेर गेली, परतली तो नवरा जमिनीवर पडलेला. ऊठ, माझ्या भावाला तू मारलेस, असे ती म्हणाली. तेवढ्यात भावाच्या मृत्यूची बातमी आली.

तालमुदाने ही कथा वादविवादाच्या नियमांत घातलेली नाही. शब्दांनी दुसऱ्याला दुखविण्यासंबंधीच्या प्रकरणात घातली आहे. बहुमत बरोबर होते, आणि त्याने केले ते वाईट होते, या दोन्ही गोष्टी एकाच कथेत आहेत. बहिष्कार हा शब्द ज्या समाजाने पुस्तकातून नव्हे तर पाणवठ्यावर शिकला, त्या समाजाच्या मुलांनी ही कथा वाचू नये, असे कोण म्हणेल? शिवाय आता आपलीही मंडळे आहेत, समित्या आहेत, बहुमते आहेत.

प्रागच्या मातीच्या माणसाबद्दल दोनच शब्द. ज्या वस्तीवर खोटे आळ घेऊन केव्हाही जमाव चालून येई, तिने कल्पनेत एक रक्षक घडविला. ती भाबडी श्रद्धा मानण्यापेक्षा भीतीचा दस्तऐवज मानावा. आणि त्याच कथेत त्याला पुन्हा माती करावे लागते, हेही मुलांच्या ध्यानी येतेच.

आणखी एक गोष्ट आम्हास अस्वस्थ करते. 1912 ते 1914 या काळात अन्स्की नावाचा लेखक आजच्या युक्रेनमधील ज्यू गावांतून म्हाताऱ्यांकडून कथा-गाणी टिपून घेत हिंडला. त्याच्या प्रश्नावलीत 2,087 प्रश्न होते. महायुद्ध पेटले आणि काम थांबले; पुढील तीस वर्षांत ती गावेच उरली नाहीत. 1955 मध्ये डोव्ह नॉय यांनी हैफा येथे लोककथांचे संग्रहालय उभारले. तेथे आज देशोदेशींहून आलेल्या ज्यूंच्या 20,000हून अधिक कथा आहेत, मोरोक्कोच्या, येमेनच्या, पोलंडच्या.

आपल्याकडे कोणी विचारीत फिरले नाही, असे नाही. पण निवासी शाळेत वाढलेले मूल दहा-दहा महिने आजीपासून दूर असते, हे आम्ही स्वतः भोगलेले आहे. आमच्यापैकी अनेकांना आजीच्या जात्यावरच्या ओव्यांतील एक-दोनच आठवतात, त्याही अर्धवट. म्हणून आमची व्यवस्थापनास विनंती अशी, की येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्यास एक कोरी वही द्यावी. घरातील सर्वांत वयस्कर माणसाकडून एक कथा, एक ओवी, नाहीतर गाव सोडल्याची एखादी हकीकत त्याने जशीच्या तशी, त्या माणसाच्याच बोलीत लिहून आणावी. त्यात भूतखेत आले तरी गाळू नये. वह्यांचा खर्च 1990 नंतरच्या तुकड्यांनी उचलण्याचे मान्य केले आहे. कपाटाची जबाबदारी आमची. ज्या पालकांनी आक्षेप घेतला होता, त्यांच्या मातोश्री नव्वदीच्या आहेत. पहिली वही त्यांच्याकडे पाठवावी, असे त्यांनीच सुचविले आहे.