अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांचे निदान, प्रमाणपत्र आणि खासगी शैक्षणिक मानसशास्त्रीय सेवा यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, छत्रपती संभाजीनगर.

विषय : अध्ययन अक्षमतेची चाचणी, उपचारात्मक अध्यापन आणि समुपदेशन देणाऱ्या खासगी केंद्रांची माहिती व पात्रता सार्वजनिक करणे, तसेच सर्व नऊ तालुक्यांतील विद्यार्थ्यांना शासकीय निदान व प्रमाणपत्र वेळेत उपलब्ध करून देणे.

महोदय,

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पालक, शिक्षक आणि विशेष शिक्षक यांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे.

बुद्धी सर्वसाधारण, दृष्टी व श्रवण निर्दोष, शाळेतील हजेरी नियमित, आणि तरीही वाचन, लेखन किंवा गणित या मूलभूत कौशल्यांत मूल सातत्याने मागे पडत असेल, तर त्या अवस्थेला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातील अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातील डिसग्राफिया आणि गणितातील डिस्कॅल्क्युलिया हे तिचे परिचित प्रकार होत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये तिचा समावेश असून, याच अधिनियमाच्या कलम १६ ने अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखण्याचे आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य अध्यापनाचे उपाय योजण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर टाकले आहे. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे.

कायद्यात इतक्या स्पष्टपणे सांगितलेली ही गोष्ट वर्गात मात्र सहज नजरेआड होते. चौथीतील एखादा विद्यार्थी ‘प्रश्न’ हा शब्द ‘परशन’ असा वाचतो, ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘म’ आणि ‘भ’ यांत दरवेळी अडखळतो, फळ्यावरची ओळ वहीत उतरवताना वेलांटी व अनुस्वार गाळतो, आणि तोच धडा कुणी वाचून दाखवला तर त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे तोंडी अचूक देतो. अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ किंवा ‘आळशी’ असा शेरा पडतो, घरी मार बसतो, शिकवणी बदलली जाते. आणि खरी अडचण कळेपर्यंत मूल आठवी-नववीत पोहोचलेले असते व शाळेचा धसका घेऊन बसलेले असते.

निदानाची पद्धत शासनाने ठरवून दिलेली आहे. केंद्र शासनाने ४ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी शाळेतील प्राथमिक चाळणी, नंतर बालरोगतज्ज्ञाकडून दृष्टी, श्रवण व सर्वसाधारण प्रकृतीची तपासणी, आणि त्यानंतर मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन व अध्ययन अक्षमतेची चाचणी असा क्रम घालून दिला, तसेच प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून देण्याची तरतूद केली. २०२४ मध्ये या सूचना सुधारण्यात आल्या असल्या, तरी चाळणी, वैद्यकीय तपासणी आणि प्रमाणित चाचणी हे तीन टप्पे शास्त्रशुद्ध निदानाचा पाया आहेत व त्यांतील एकही गाळता येत नाही. शाळेतील चाळणीसाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ हे मोबाइल ॲप उपलब्ध करून दिले आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीतही अध्ययन अक्षमता व अतिचंचलता यांचा अंतर्भाव आहे. म्हणजे साधने आहेत, कायदा आहे, यंत्रणाही कागदावर आहे. शाळेतील शिक्षक, तालुक्याचे आरोग्य पथक आणि प्रमाणपत्र देणारे रुग्णालय यांना एकमेकांशी जोडणारा निश्चित मार्ग मात्र पालकाला दिसत नाही.

ही पोकळी खासगी केंद्रांनी भरली आहे, आणि त्यांचे योगदान निवेदनकर्ते आदरपूर्वक मान्य करतात. महाराष्ट्रात या क्षेत्राचा पाया मोठ्या प्रमाणावर शासनाबाहेरील संस्थांनी घातला. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमापन व प्रज्ञाविकास यांचा अभ्यास मराठी शालेय जगात रुजवला, डॉ. आर्थर मॅलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी सिद्ध केलेली बुद्धिमापन श्रेणी आजही देशभर वापरली जाते, आणि मुंबईत १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनने पालकांची बाजू शासनापुढे सातत्याने मांडली. आपल्या शहरातही प्रशिक्षित विशेष शिक्षक आणि मानसशास्त्रज्ञ मनापासून काम करीत आहेत. त्यामुळे खासगी सेवा बंद कराव्यात अशी मागणी येथे नाही. पालकाला त्या सेवेची पारख करता यावी आणि ती न परवडणाऱ्या मुलालाही निदान मिळावे, एवढाच या निवेदनाचा हेतू आहे.

खासगी सेवांबाबत पालकांना चार अडचणी प्रामुख्याने जाणवतात. पहिली अडचण पात्रतेची आहे. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंद केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असणे बंधनकारक असून, नोंदणीशिवाय व्यवसाय करणे हा कलम १३ खाली दंडनीय अपराध आहे. परंतु ‘शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ’, ‘करिअर समुपदेशक’ किंवा ‘लर्निंग कोच’ हे शब्द त्या अधिनियमाच्या यादीत नाहीत, आणि म्हणून अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली व्यक्तीही अशी पाटी लावून मुलांच्या चाचण्या घेऊ शकते. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ने मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना नियमनाच्या कक्षेत आणले असले, तरी त्याचा लाभ दारात उभ्या असलेल्या पालकापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही.

दुसरी अडचण अशास्त्रीय चाचण्यांची आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी, स्वभाव व भावी व्यवसाय सांगणारी ‘डीएमआयटी’ नावाची चाचणी शाळांमधून आणि शिबिरांतून विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नसल्याचे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये जाहीर केले आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणारी ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ची शिबिरे याच वर्गात मोडतात. अशा प्रकारांत पालकांचे पैसे जातातच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे खऱ्या निदानाची आणि उपचारात्मक अध्यापनाची मोलाची वर्षे हातची जातात.

तिसरी अडचण भाषेची आहे. देवनागरी लिपीत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी लिहिला जातो पण नंतर उच्चारला जातो, मात्रा अक्षराच्या चारही बाजूंना येतात आणि जोडाक्षरांत अक्षरांचे आकार बदलतात. त्यामुळे मराठी वाचनातील अडचण इंग्रजी शब्दांच्या यादीवरून मोजता येत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी ‘डाली’ हा चाचणीसंच विकसित केला आहे. असे असताना मराठी किंवा उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याची केवळ इंग्रजी चाचणी घेऊन अहवाल दिला जात असेल, तर भाषेचे अपरिचितपण आणि अक्षमता यांची गल्लत होते व निष्कर्षच चुकतो. डाली संचात उर्दूचा समावेश नसल्याने, उर्दू माध्यमाच्या शाळांची संख्या मोठी असलेल्या या शहराला स्वतंत्र व्यवस्थेची गरज आहे.

चौथी अडचण अहवालाच्या उपयोगाची आहे. राज्य मंडळाच्या दहावी व बारावीच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्राचा वापर यांसारख्या सवलती पात्र विद्यार्थ्यांना मिळतात. परंतु त्यासाठी सक्षम शासकीय वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते, खासगी केंद्राचा अहवाल पुरेसा ठरत नाही. ही बाब आधी न सांगितल्यामुळे पालक खासगी चाचणीवर खर्च करतात आणि परीक्षेचे अर्ज भरण्याची वेळ आली की पुन्हा शासकीय रुग्णालयाच्या खेपा घालतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडील सोयगाव तालुक्यातून किंवा वैजापूरच्या टोकावरील गावातून येणाऱ्या शेतमजूर पालकाला प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि मुलाचा बुडालेला शाळेचा दिवस असतो.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांकडे आपले लक्ष वेधण्यात येत आहे. रजनीशकुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा आणि माध्यमिक स्तरावर पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक असे ठरवण्यात आले. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणी २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संलग्नता ठेवावी, आणि अंमलबजावणीवर देखरेख करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असावी, असे निर्देश आहेत. म्हणजेच पुढील बहुतेक मागण्यांची पूर्तता करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

वरील वस्तुस्थिती लक्षात घेऊन पुढील मागण्या करण्यात येत आहेत :

१. सुकदेब साहा निर्णयात अभिप्रेत असलेल्या जिल्हास्तरीय समितीच्या कामकाजात अध्ययन अक्षमतेचा विषय कायमस्वरूपी घ्यावा आणि समितीवर पालकांचा व विशेष शिक्षकांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी घ्यावा.

२. जिल्ह्यात चाचणी, उपचारात्मक अध्यापन व समुपदेशन देणाऱ्या खासगी केंद्रांची माहिती संकलित करून, प्रत्येक तज्ज्ञाची शैक्षणिक अर्हता, नोंदणी क्रमांक, चाचणीची भाषा आणि शुल्क यांसह ती यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर व गट साधन केंद्रांत प्रसिद्ध करावी.

३. प्रत्येक अहवालात वापरलेल्या चाचणीचे नाव, चाचणीची भाषा, दिनांक, तज्ज्ञाची सही व नोंदणी क्रमांक असावा, आणि ‘शासकीय सवलतींसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आवश्यक आहे’ ही सूचना शुल्क घेण्यापूर्वी लेखी द्यावी, असे आवाहनवजा परिपत्रक काढावे. मुलाचा अहवाल पालकांच्या संमतीशिवाय शाळेला किंवा अन्य कोणालाही देऊ नये, हेही त्यात नमूद असावे.

४. शाळांच्या आवारात डीएमआयटी, मिडब्रेन ॲक्टिव्हेशन व तत्सम अशास्त्रीय चाचण्या आणि शिबिरे घेण्यास शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत मनाई करावी. फसव्या जाहिरातींच्या तक्रारींत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दाद मागण्यासाठी पालकांना मार्गदर्शन मिळावे.

५. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (घाटी) आणि चिकलठाणा येथील जिल्हा सामान्य रुग्णालय यांनी अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचे वार, लागणारी कागदपत्रे आणि प्रमाणपत्र मिळण्याची मुदत जाहीर करावी. नोंदणी जून-जुलैमध्ये सुरू करून दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची प्रकरणे मंडळाचे अर्ज भरण्यापूर्वी निकाली काढावीत.

६. तालुका मुख्यालयी वर्षातून किमान दोनदा तपासणी शिबिर घ्यावे, त्यात मराठी व उर्दू या दोन्ही भाषांतून चाचणीची सोय असावी, आणि सुरुवात सोयगाव, कन्नड व वैजापूर या दूरच्या तालुक्यांपासून करावी.

७. दुसरी-तिसरीच्या वर्गशिक्षकांना ‘प्रशस्त’ ॲपद्वारे चाळणी करण्याचे प्रशिक्षण जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत द्यावे. या कामी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाचे सहकार्य घ्यावे.

८. विशेष शिक्षकांची रिक्त पदे भरण्याबाबत, तसेच आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील मुलांना खासगी उपचारात्मक अध्यापनासाठी अर्थसाहाय्य देण्याबाबत शिफारस शासनाकडे पाठवावी.

निदानाने मूल सुटत नाही, निदानानंतर शिकवण्याची पद्धत बदलली तरच ते सुटते. आणि ती पद्धत बदलण्यासाठी सर्वाधिक अनुकूल काळ प्राथमिक शाळेतली पहिली काही वर्षेच असतात. म्हणून या मागण्यांवर संबंधित सर्व विभागांची संयुक्त बैठक एका महिन्याच्या आत बोलवावी, निवेदनकर्त्यांना तीत म्हणणे मांडण्याची संधी द्यावी आणि झालेल्या निर्णयांची लेखी प्रत मिळावी, अशी नम्र विनंती आहे.

आपले विश्वासू,
निवेदनकर्ते पालक, शिक्षक व विशेष शिक्षक,
छत्रपती संभाजीनगर जिल्हा

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी सविनय सादर :
१. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, छत्रपती संभाजीनगर
२. मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (घाटी)
३. मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा सामान्य रुग्णालय, चिकलठाणा
४. मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक)
५. मा. विभागीय सचिव, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, छत्रपती संभाजीनगर विभाग