रानडुक्कर, साहेबाचा भाला आणि शेतकऱ्याची एकबारी बंदूक

१/ भरधाव घोडा, स्वाराच्या हाती लांब भाला आणि पुढे पळणारे रानडुक्कर. साहेबी शिकारीचे हे चित्र आजही कौतुकाने पाहिले जाते. ‘घरी रायफल असूनही भाल्यानेच लढत, केवढी ही खिलाडूवृत्ती!’ असा त्यावरचा शेराही ठरलेला असतो. या कौतुकावर माझा आक्षेप आहे. त्या खिलाडूवृत्तीची किंमत ज्याने मोजली, तो त्या चित्रात कोठेच नाही. हा धागा त्याच्याविषयी.

२/ प्रथम तो नियम समजून घेऊ. जेथे घोडा दौडवता येईल अशा मोकळ्या मुलखात डुकरावर गोळी झाडणे हा इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीने जवळजवळ गुन्हा होता. इंग्लंडात कोल्ह्याला गोळी घालणाऱ्याची जी अप्रतिष्ठा होई, तीच येथे डुकराला गोळी घालणाऱ्याची. मादीला मारायचे नाही, ठरावीक उंचीखालच्या नराला सोडून द्यायचे आणि ज्याचा भाला प्रथम रक्ताळेल त्याची शिकार, असे क्लबांचे संकेत असत.

३/ या खेळात धाडस नव्हते असे मी म्हणत नाही. सुळेवाला नर उलटला की घोड्याचे पोट फाडतो. दौडताना घोडा कोसळून स्वार मेल्याचीही उदाहरणे आहेत. पण ते धाडस हौसेचे होते. साहेब सकाळी मैदानात उतरे आणि संध्याकाळी तंबूत परते. शेतकऱ्याला डुकराशी झुंजायची हौस नव्हती. त्याचे उभे पीक रात्रीच्या अंधारात धोक्यात असे.

४/ डुकरांचा कळप रात्री शेतात शिरतो तेव्हा तो खातो त्याहून अधिक नासधूस करतो. ज्वारीची ताटे आडवी होतात, भुईमूग उकरला जातो, ऊस चघळून टाकला जातो. माळ्यावर जागणाऱ्या शेतकऱ्याजवळ काय असे? गोफण, टेंभा, हाळी आणि क्वचित एखादी जुनी ठासणीची बंदूक.

५/ ही ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे नीट समजल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि सारे गजाने ठासायचे. मागे टोपी बसवायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा. बार एकच. त्याआधीच्या तोड्याच्या बंदुकीत तर जळता तोडाच लागे. पावसात तो विझे. आणि खरिपाचे पीक उभे असते ते पावसातच.

६/ आता तो एक बार चुकला, किंवा लागला पण डुक्कर मेले नाही, तर? अंधारात दारू ओतून पुन्हा ठासेपर्यंत जखमी डुक्कर वाट पाहत नाही. ‘जनावराला संधी देणे’ हे जर शिकारीच्या नीतीचे सार असेल, तर एकबारी बंदुकीने ती संधी आपोआपच दिली होती. तरीही इंग्रजी शिकारग्रंथांत देशी बंदूकवाला बहुधा चोरटा शिकारी म्हणूनच भेटतो. भाल्याला शौर्य म्हणायचे आणि ठासणीच्या बंदुकीला चोरी: हा भेद हत्याराचा नव्हे, ते धरणाऱ्या हाताचा आहे.

७/ हा भेद कायद्यात कसा उतरला ते पाहा. साल १८७८, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. त्या एका वर्षातले तीन कायदे लक्षात ठेवा: क्रमांक ७ जंगलांचा, क्रमांक ९ देशी भाषांतील वृत्तपत्रांचा, क्रमांक ११ शस्त्रांचा. शस्त्र बाळगायचे तर परवाना हवा. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात, १८८२ साली रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र १९५९ चा नवा कायदा येईपर्यंत टिकला.

८/ यातील ७ आणि ११ हे क्रमांक एकत्र वाचा. राखीव जंगलात शिरणे, तेथे शिकार करणे सरकारी नियमांनी बांधले गेले. डुक्कर दिवसा त्या जंगलात दडे आणि रात्री रयतेच्या शेतात चरे. त्याचा माग काढत शेतकरी जंगलात शिरला तर गुन्हेगार, आणि बंदूक घेऊन बांधावर थांबला तर परवाना दाखव! डुकराला मात्र सरकारी हद्द आणि खाजगी हद्द दोन्ही मोकळ्या होत्या.

९/ ‘शस्त्रबंदी शांततेसाठी होती’ असे कोणी म्हणेल. मग कोडगूचे उदाहरण घ्या. १८५७ च्या उठावात एकनिष्ठ राहिल्याबद्दल तेथील कोडवांना शस्त्रबंदीतून सूट मिळाली. पिकांची नासधूस तेथे अधिक होती म्हणून नव्हे. लष्करातही तेच: उठावानंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींहून एक पिढी मागची बंदूक देण्याचे धोरण होते. कोणाच्या हाती कोणती नळी द्यायची हे धन्याच्या मनातील संशयावर ठरत होते.

१०/ आता १८८३ साल. मीरतेजवळच्या गंगाखोऱ्यात भाल्याने डुक्कर मारण्याची नामांकित स्पर्धा होई, कादिर कप. त्या वर्षीचा विजेता होता एक तरुण लष्करी अधिकारी, रॉबर्ट बेडन-पॉवेल. पुढे बालवीर चळवळीचा संस्थापक. या खेळावर त्याने १८८९ मध्ये पुस्तकही लिहिले. त्याच १८८३ साली पुण्यात जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण करत होते. त्यातही रानडुक्कर आहे.

११/ शेतकऱ्याच्या उद्धाराचे उपाय सांगताना जोतीराव म्हणतात ते थोडक्यात असे: डुकरांपासून पीक वाचवण्यासाठी जुनाट, मोडक्या गावठी बंदुकाही शेतकऱ्याजवळ राहू देण्याची सरकारची छाती होत नसेल, तर ते काम पोलीस खात्याने करावे. त्यानंतरही डुकरांनी पीक खाल्ले तर ते नुकसान पोलीस अंमलदारांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्यावे, आणि तसा कायदा करावा.

१२/ या मागणीतला तर्क पाहा. जोतीराव शिकारीचा हक्क मागत नाहीत, शौर्याचा गौरवही करत नाहीत. ते हिशेब मांडतात. ज्याने रयतेच्या हातातले हत्यार काढून घेतले, त्याने रयतेच्या रक्षणाची जबाबदारी घेतली. आणि ती पार पडली नाही तर भरपाई द्यावी. सत्तेने हक्क एकटीने घ्यायचा आणि नुकसान दुसऱ्याने सोसायचे, हे चालणार नाही. शस्त्रांच्या कायद्याचा निषेध करणारा ठराव राष्ट्रीय सभेने १८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात केला. जोतीराव त्याआधी चार वर्षे शेताच्या बांधावरून बोलत होते.

१३/ एक प्रतिवाद ठरलेला आहे: ‘शेतकऱ्यांना बंदुका मिळाल्या असत्या तर वन्यजीव संपले असते.’ पण संपवले कोणी? इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले, आणि वाघ मारणाऱ्यास सरकार रोख इनाम देत असे. वाघ हा डुकराचा नैसर्गिक वैरी. वैऱ्यावर इनाम, डुकराला क्लबाचे अभय आणि शेतकऱ्याच्या हाती गोफण. याला वन्यजीवरक्षण म्हणायचे असेल तर शब्दांना अर्थ उरत नाही.

१४/ हे सारे जुने झाले असे समजू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकराला संरक्षण दिले. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने त्याला मारण्याची वाटही ठेवली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत. प्रत्येक शेतात बंदूक असावी असे माझे म्हणणे नाही. वन्यजीव राखणे ही समाजाची निवड असेल, तर तिचा खर्चही समाजाने उचलावा; तो डोंगरालगतच्या दोन एकरवाल्याच्या माथी मारू नये. पंचनामा वेळेवर व्हावा आणि भरपाई नुकसानीइतकी मिळावी, ही मागणी दयेची नाही. तो जोतीरावांनी मांडलेला हिशेब आहे आणि तो अजून चुकता झालेला नाही.

१५/ तेव्हा मित्रहो, भालेवाल्या साहेबाचे चित्र पुन्हा समोर आले तर स्वाराकडे आणि डुकराकडे पाहून झाल्यावर घोड्याच्या टापांखालची जमीनही पाहा. ती कोणाची होती, तिच्यात काय पेरले होते आणि आदल्या रात्री तेथे कोण जागत होते, एवढे तीन प्रश्न विचारा.