टँकर येणार म्हणून विहीर उपसू नका



आमच्या घाटमाथ्यावर हिरडा, जांभूळ संपलं की मधमाशीचा दुष्काळ सुरू होतो, तोही ऐन पावसात! जूनपासून खुरासणी फुलेपर्यंत माशीला बाहेर फारसं काही मिळत नाही. चार फुलं असली तरी पाऊस बाहेर पडू देत नाही.

मागच्या वर्षी माझ्या 11 सातेरी पेट्यांपैकी 4 जुलैत रिकाम्या झाल्या. माशी मेली नाही, उडून गेली. सातेरीचं असंच आहे, घरात दाणा नाही म्हटल्यावर ती पोळं सोडते. मी पावसाला दोष देत बसलो. पण खरं सांगायचं तर मे महिन्यात मधकोठी काढलीच, वर खालच्या पिलाव्याच्या चौकटींवरचा मधाचा पट्टासुद्धा मी पिळून घेतला होता. भाव बरा होता, मोह झाला. म्हटलं, पावसाळ्यात साखरेचा पाक देऊ की.

पाक म्हणजे टंचाईतला टँकर. तो येणार म्हणून कोणी विहीर कोरडी करत नाही.

तरी पाक लागतोच. पाणी उकळून खाली उतरवायचं, 1 लिटरला 1 किलो साखर विरघळवायची, पूर्ण गार करायचं. सातेरीच्या एका पेटीला आठवड्याला 200 ग्रॅम साखरेचा पाक मी धरतो. वाटीत काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. संध्याकाळी, पेटीच्या आतच, आणि सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी द्या. दुपारी उघड्यावर ठेवला की लूटमार सुरू होते आणि कमजोर पेटी आधी संपते. "गूळ नैसर्गिक" म्हणून वाद घालणारे भेटतात. माणसाला असेल चांगला, माशीला हगवण लागते. आंबलेला पाक सरळ ओतून द्या.

पाकानं माशी तगते, पण पिलावा वाढायला पराग लागतो. आमच्याकडे तो ऑगस्टात मक्याच्या तुऱ्यावर मिळतो, म्हणून चार ओळी मका मी माशीसाठीच टाकतो.

पाक चालू असताना मधकोठी चढवायची नाही. त्यात भरेल ती साखर, आणि ती मध म्हणून विकली तर गिऱ्हाईक पुन्हा दारात येणार नाही.

आता कृषीवाल्यांना एक विचारतो. कांदा बियाण्याच्या फुलोऱ्याला भाड्यानं पेट्या मागता, मग पावसाळ्यातल्या साखरेचा हिशेब त्या भाड्यात का धरत नाही? 11 पेट्या, 16 आठवडे, म्हणजे 35 किलो साखर. ती आम्हीच घरातून घालायची का?

यंदा पेट्या पुन्हा 11 केल्यात. मे महिन्यात खालच्या कोठीला हात लावला नाही. गणपतीत उघडून बघतो, किती टिकल्या ते इथंच लिहीन.