भुताचा सिनेमा जरूर पाहा, पण फिटची गोळी बंद करू नका

"डॉक्टर, भुताचा सिनेमा पाहून हार्ट अटॅक येतो का हो?" हा प्रश्न मला अधूनमधून पेशंट विचारतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये तो मी स्वतःलाच विचारला. अमेरिकेत 31 ऑक्टोबरला हॅलोविन असतो. त्यानिमित्त तिकडचे हौशी प्रेक्षक महिनाभर रोज एक भयपट पाहतात आणि प्रत्येकावर चार ओळींचा अभिप्राय लिहितात. तिथे शिकणाऱ्या माझ्या मुलीने मला यात ओढले. "बाबा, तू डॉक्टर म्हणून लिही," असे म्हणाली. ओपीडी सांभाळून माझे नऊच झाले.

आधी हृदयाचे पाहू

भीती वाटली की मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. अ‍ॅड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, तळहात घामेजतात. आपण घरात सुरक्षित आहोत हे मेंदूच्या दुसऱ्या भागाला ठाऊक असते, म्हणून सिनेमा संपल्यावर हलके वाटते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 24 निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक शॅम्पेनवरचा माहितीपट दाखवला. त्यांचा अभ्यास 2015 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. भयपटानंतर रक्त गोठवणारा 'फॅक्टर 8' हा घटक वाढला, पण प्रत्यक्ष गुठळी होण्याची प्रक्रिया सुरू झाली नाही. म्हणजे 'रक्त गोठवणारा सिनेमा' हा वाक्प्रचार अगदीच खोटा नाही, पण निरोगी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. नुकताच हार्ट अटॅक आलेल्यांनी, किंवा थोड्या श्रमाने छातीत दुखणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

बाकीच्यांचे खरे नुकसान होते ते झोपेचे. रात्री बारापर्यंत रोज एक सिनेमा पाहिला तर बीपी आणि शुगर दोन्ही तक्रार करतात.

माझे अभिप्राय

'द बाबाडूक' (2014): पती गमावलेली आई, हट्टी मुलगा आणि रात्रीमागून रात्र जागरण. झोप न मिळाल्याने माणूस कसा चिडतो आणि भ्रमिष्टासारखा वागतो, याचे इतके खरे चित्रण मी क्वचितच पाहिले. पूर्ण गुण.

'हेरेडिटरी' (2018): सुकामेव्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेली मुलगी इंजेक्शन जवळ न ठेवता पार्टीला जाते. मला भुतापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

'द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ' (2005): इथे मात्र मला राग आला.

हा सिनेमा एका खऱ्या घटनेवर बेतला आहे. अ‍ॅनेलिझे मिशेल ही जर्मन विद्यार्थिनी. तिच्यावर अपस्माराचे, म्हणजे फिटचे, उपचार काही वर्षे चालू होते. पुढे घरच्यांना ती झपाटलेली वाटली. सुमारे दहा महिन्यांत तिच्यावर 67 वेळा भूत उतरवण्याचा विधी झाला. 1976 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी, उपासमारीने आणि शरीरातले पाणी कमी होऊन ती गेली. तेव्हा तिचे वजन जेमतेम 31 किलो होते. 1978 मध्ये न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवले. सिनेमात मात्र बचाव पक्ष म्हणतो की, औषधामुळेच विधीचा गुण आला नाही!

हे वाक्य मी माझ्या ओपीडीत ऐकले आहे. काही वर्षांपूर्वी एका 19 वर्षांच्या मुलीला फिट येताना नातेवाईक घेऊन आले. फिट थांबतच नव्हती. तिची गोळी आठवड्यापूर्वी अचानक बंद केली होती. का, तर "देवऋषी म्हणाले, गोळी चालू असेपर्यंत बाधा निघणार नाही." ती वाचली, पण तीन दिवस आयसीयूत होती. त्या आजीने सिनेमा पाहिलेला नव्हता. ही समजूत सिनेमापेक्षा कितीतरी जुनी आहे. पण सिनेमा तिला बळ देतो, हे माझे मत आहे.

फिट म्हणजे फक्त हातपाय झाडणे नव्हे. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून येणाऱ्या फिटमध्ये अचानक भीती वाटते, नसलेला वास येतो, माणूस शून्यात बघत राहतो. मेंदूला सूज आणणारा एक आजार तर तरुण मुलींत अधिक दिसतो. त्यात विचित्र बोलणे, भास आणि चमत्कारिक हालचाली होतात. 2007 मध्ये त्याचे नेमके कारण कळले आणि वेळेत उपचार मिळाले तर बरेच रुग्ण सुधारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, योग्य उपचार मिळाले तर अपस्माराचे 70 टक्के रुग्ण फिटविना जगू शकतात.

सिनेमांवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. याच घटनेवर 'रेक्विएम' (2006) हा जर्मन सिनेमा आहे. त्यात भूत दिसत नाही, एक आजारी, एकटी पडलेली मुलगी दिसते. मला तो जास्त भयानक वाटला.

तुम्ही काय कराल?

• फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा, मानेजवळचे कपडे सैल करा. तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका.
• फिट 5 मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर थेट हॉस्पिटल गाठा.
• फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.
• वागणे अचानक बदलले, भास होऊ लागले, तर पहिली भेट डॉक्टरांची.

घरच्यांना देवाला नवस बोलायचा असेल तर जरूर बोला. फक्त त्या दिवशीची गोळीही आठवणीने द्या.