उताराचा परिव्यय

वडसा स्थानकावर उभे राहणाऱ्याच्या मनात घाटाचा विचार सहसा येत नाही. वैनगंगेकाठचा हा मुलूख धानाच्या बांध्यांचा आणि सपाट. १९९०च्या दशकात येथील अरुंद लोहमार्गाचे रुंदीकरण झाले आणि गोंदिया-बल्लारशा हा मालवाहतुकीचा एक सोयीचा मार्ग बनला. त्याला वडशाहून गडचिरोलीकडे जाणारा सुमारे ५२ किलोमीटरचा फाटा जोडण्याचे ठरले, तेव्हा साहजिकच लोकांच्या नजरा एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाकडे वळल्या. हे खनिज अनेक वर्षे ट्रकांनी वाहिले गेले, रस्ते उखडले, माणसे चिरडली गेली. ते रेल्वेने जावे ही मागणी रास्तच आहे. मात्र ही चर्चा किती टन, किती भाडे आणि किती रोजगार एवढ्यावरच थांबते. सपाटीवर भरलेली वाघीण शेकडो किलोमीटर पुढे कोणता उतार उतरणार आणि तेथे तिला थोपवणार कोण, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

तो विचारावयास हवा, कारण खनिज डोंगरात सापडते आणि बंदर समुद्राच्या पातळीवर असते. धान्य वा सिमेंट घाट चढतेही आणि उतरतेही. निर्यातीच्या खनिजाला मात्र शेवटी उतरावेच लागते. इंद्रावतीपलीकडच्या बैलाडिलाचे उदाहरण जवळचे आहे. जपानला खनिज पाठविण्यासाठी १९६०च्या दशकात किरंदुलपासून विशाखापट्टणमकडे जो लोहमार्ग बांधला गेला, तो पूर्व घाटात शिमिलिगुडा येथे सुमारे हजार मीटरांची उंची गाठतो आणि तेथून किनारपट्टीकडे उतरतो. १९८०च्या दशकाच्या आरंभी तेथे वीज पोहोचली. तोवर हा सारा उतार डिझेल इंजिनांनी उतरून दाखविला. सुरजागडचे खनिज उद्या कोकणच्या किनाऱ्याकडे निघाले तर त्यालाही सह्याद्री उतरल्यावाचून गत्यंतर नाही.

गाडी चढावर नेणे कठीण आणि उतारावर आणणे सोपे, ही समजूत बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याचीही नसते. ती शहरी माणसाची आहे. चढावर इंजिन कमी पडले तर गाडी थांबते, वेळापत्रक बिघडते, एवढेच. उतारावर ब्रेक कमी पडला तर गाडी थांबत नाही. साधा त्रैराशिकाचा हिशेब करावा. ५८ वाघिणींची भरलेली मालगाडी, एकेका वाघिणीचे एकूण वजन सुमारे ८१ टन, म्हणजे गाडी ४,७०० टनांची झाली. सदतीस मीटर चालीत एक मीटर उतरणाऱ्या घाटात तिला खाली ओढणारा जोर सव्वाशे टनांच्या घरात जातो. हा जोर अर्धा मिनिट मोकळा सुटला तर काय होईल हे शाळेतील विद्यार्थीही सांगेल. वेग दुप्पट झाला की गाडीतील ऊर्जा चौपट होते, आणि ती सारी चाकावर घासणाऱ्या ब्रेकच्या ठोकळ्यांना उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. ठोकळे फार तापले की त्यांची पकड ढिली पडते. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी तो दगा देतो.

आपल्याकडील मालगाड्यांना दीर्घकाळ निर्वात ब्रेक होते. त्यांची शक्ती वातावरणाच्या दाबावर अवलंबून, आणि तो दाब तर निसर्गाने ठरवून दिलेला. गाडी लांबली की शेवटच्या वाघिणीपर्यंत ब्रेकची आज्ञा पोहोचावयास विलंब होई. १९८०च्या दशकात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकच्या वाघिणी मोठ्या संख्येने आल्या तेव्हाच लांब व जड गाड्या चालविणे शक्य झाले. पण हवेच्या ब्रेकचीही एक खोड आहे. चालकाने तो पुन्हापुन्हा लावला व सोडला आणि टाक्या भरण्यास अवधी दिला नाही, तर प्रत्येक वेळी जोर घटत जातो. म्हणून घाटात डिझेल इंजिनाच्या दुसऱ्या ब्रेकचा आधार घेतात. यात चाके फिरवणाऱ्या मोटारींचेच जनित्र होते आणि निर्माण झालेली वीज रोधकांच्या जाळीतून उष्णता होऊन हवेत विरते. ठोकळे झिजत नाहीत, हवा खर्च होत नाही. मात्र हा ब्रेक केवळ इंजिनाच्या चाकांवर चालतो आणि फार मंद गतीला तो निष्प्रभ होतो.

बोरघाट व थळघाट १९२९-३०च्या सुमारास विजेवर गेले, त्यामुळे डिझेलवर घाट उतरणे म्हणजे काय याची मराठी माणसाला फारशी ओळख नाही. ती करून घ्यावयाची तर गोव्याच्या सीमेवर जावे लागेल. कॅसलरॉक ते कुळे हा दूधसागरजवळून उतरणारा सुमारे २६ किलोमीटरचा टप्पाही ३७ला १ असा तीव्र. होस्पेट भागातील खनिज याच वाटेने मुरगाव बंदरात उतरले. पुढे-मागे अनेक डिझेल इंजिने जोडून, गोगलगायीच्या गतीने गाडी खाली आणावयाची, हा तेथील शिरस्ता. या गोगलगायीच्या गतीचाच परिव्यय असतो: इंजिने अडकतात, चालक अडकतात, मार्ग अडतो. कोणत्याही वर्षीच्या ताळेबंदात त्याची मिळकत दिसत नाही. म्हणूनच काटकसरीची कात्री प्रथम त्याच्यावर चालविण्याचा मोह होतो.

ब्रेकचा आरंभ मात्र घाटात होत नाही, तो कचेरीतील टेबलावर होतो. कॅलिफोर्नियात १२ मे १९८९ रोजी ट्रोना या खनिजाच्या ६९ वाघिणींची गाडी कॅहोन खिंडीतून उतरत होती. माल पाठविणाऱ्याने कागदावर वजनाचा रकाना कोराच ठेवला होता. रेल्वेच्या कारकुनाने अंदाजाने दर वाघिणीस ६० टन भरले. प्रत्यक्षात ते १०० टन होते. भर पडली ती काही इंजिनांचे विद्युत ब्रेक नादुरुस्त असल्याची. चालकाने कागदावरच्या गाडीला साजेशा वेगाने उतार धरला. खरी गाडी ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या सुमारास वेग घेऊन सॅन बर्नार्डिनो येथील वळणावर घरांवर कोसळली. दोन रेल्वे कर्मचारी आणि दोन मुले मरण पावली. ढिगारा उपसताना इजा पोचलेली पेट्रोलची नळवाहिनी तेरा दिवसांनी फुटली आणि आणखी दोघे दगावले. त्या कारकुनाला दोष देणे सोपे आहे. कोरा रकाना स्वीकारला जाण्याची रीत कोणी पाडली, हे विचारणे अवघड.

त्याच १९८९ साली आपल्याकडे नवा रेल्वे अधिनियम झाला. त्याच्या कलम ७३ प्रमाणे वाघिणीत जादा माल भरला तर दंडात्मक आकार घेता येतो आणि जादा माल उतरवूनही घेता येतो. पुढे २००५ पासून रेल्वेने स्वतःच खनिजाच्या वाघिणींत काही मार्गांवर मूळ क्षमतेपेक्षा आठ टनांपर्यंत अधिक माल भरण्यास मुभा दिली. तेच रूळ, तेच डबे आणि उत्पन्न वाढलेले. सीमांत परिव्यय जवळजवळ शून्य, असे तेव्हा मोठ्या कौतुकाने सांगितले गेले. ५८ वाघिणींच्या गाडीत ही वाढ साडेचारशे टनांहून अधिक होते. रूळ आणि धुरे यांवर पडलेला तो भार हळूहळू झिजेच्या रूपाने फेडला जातो. उतारावर त्याची वसुली एकाच हप्त्यात होऊ शकते. परवानगीच्या वरही जो माल चोरून भरला जातो त्याची गोष्ट निराळीच. दंड हा व्यापाऱ्याच्या दृष्टीने एक किंमत असते. पकडले जाण्याचा संभव थोडा असेल तर ती किंमत तो भाड्यात धरून चालतो, आणि धोका मात्र चालक, गार्ड व रुळांलगतची वस्ती यांच्या माथी जातो.

वडसा-गडचिरोली मार्गावर उद्या खनिजाची साइडिंगे होतील तेव्हा वजनकाटा कोठे असेल, हे आताच ठरवावयास हवे. तो पुढच्या एखाद्या जंक्शनात असून भागणार नाही. जेथे माल भरला जातो तेथेच तो हवा, आणि त्याची नोंद माल पाठविणाऱ्याच्या हाती नव्हे, रेल्वेच्या हाती हवी. ब्रेकच्या क्षमतेचा दाखला गाडीबरोबर असतोच. पण सपाटीवर दिलेला दाखला घाटाच्या माथ्यावर पुन्हा तपासला जातो की नुसता पुढे सरकविला जातो, हे पाहणारा माणूस आणि त्यासाठी लागणारा वेळ दोन्ही राखून ठेवले पाहिजेत. गाडी उशिरा सुटली तर स्थानक व्यवस्थापकाला त्याच दिवशी जाब विचारला जातो. ब्रेक न तपासताच ती वेळेवर सुटली, तर कोणी काही विचारीत नाही. जास्त भरलेल्या वाघिणीतील चार टन खनिज खाली ओतावयास जो तास-दीड तास लागेल, त्याचे विलंबशुल्क खाण कंपनी भरणार की रेल्वे सोसणार, हे साइडिंगच्या कराराच्या मसुद्यातच लिहिलेले असावे. ते लिहिलेले नसेल तर ते चार टन उतरवण्याच्या भानगडीत वडसा येथे कोणी पडणार नाही.