सहल कोणाच्या मापाची?



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी बेत शिजू लागतात. ‘यंदा सगळे मिळून थीम पार्कला जाऊ’ हा ठराव बहुधा रात्रीच्या जेवणावर मंजूर होतो. ठराव मांडणारे तिशी-चाळिशीतले असतात. ज्याच्यासाठी हा घाट घातला असे सांगितले जाते, ते नातवंड तीन वर्षांचे असते. आणि त्याला सांभाळायला ज्यांचे येणे गृहीत धरलेले असते, ते आजीआजोबा सत्तरी ओलांडलेले असतात. या दोघांचे मत मात्र कोणी विचारलेले नसते.

मग व्हायचे ते होते. आईबाबा उंच पाळण्याच्या रांगेत उभे राहतात, आणि आजोबा चार पिशव्या, पाच जणांच्या चपला व खांद्यावर पेंगुळलेले नातवंड घेऊन सावलीचा तुकडा शोधत बसतात. हजारो रुपये खर्चून, पहाटे उठून, दोन-तीन तासांचा प्रवास करून मिळवलेला दिवस घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या माणसाच्या वाट्याला असा येतो. म्हणून यंदाचा बेत ठरण्यापूर्वीच या विषयाचा विचार करू.

नीट पाहिले तर तीन वर्षांच्या नातीच्या आणि बहात्तर वर्षांच्या आजोबांच्या गरजा आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या आहेत. दोघांनाही सावली लागते, जवळ स्वच्छतागृह लागते, वेळेवर खाणे आणि दुपारची झोप लागते. दोघेही फार चालू शकत नाहीत, आणि थकवा आला की दोघांनाही तो धड सांगता येत नाही. नात किरकिर करते, आजोबा गप्प होतात. तेव्हा उद्यान निवडताना घरातला जो सर्वांत लवकर दमतो, त्याचे माप धरावे. बाकीच्यांचा दिवस त्यात आपोआप सामावतो.

पहिले माप उंचीचे. मोठ्या उद्यानांतील बहुतेक वेगवान राइड्सना किमान उंचीची अट असते. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये अनेक गाजलेल्या राइड्सना 40 इंचांची, म्हणजे सुमारे 102 सेंटिमीटरची अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार तीन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे 95 ते 96 सेंटिमीटर आणि चार वर्षांच्या मुलाची 103 च्या आसपास असते. आपल्याकडची पुष्कळ मुले याहून किंचित कमीच भरतात. याचा सरळ अर्थ असा, की ज्या राइड्सची जाहिरात पाहून बेत ठरतो, त्यांतील बहुतेक चार वर्षांखालील मुलाला बंद असतात. तिकीट काढण्यापूर्वी घरच्या भिंतीपाशी नातवंडाची उंची मोजावी, उद्यानाच्या संकेतस्थळावर किंवा दूरध्वनीवर प्रत्येक राइडची अट विचारावी आणि आपल्या मुलाला खुले असलेले खेळ मोजावेत. ते चार-पाचच निघाले, तर ते उद्यान आणखी तीन वर्षांनी बघावे. उंची दोन बोटे कमी पडते म्हणून जाड तळव्याचे बूट घालून मुलाला आत घुसवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सुरक्षेचा दांडा आणि पट्टा ठरावीक मापाच्या शरीरालाच धरून ठेवतात. लहान मूल त्यातून निसटू शकते.

दुसरे माप झोपेचे आणि उन्हाचे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 11 ते 14 तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. दुपारची डुलकी यातच धरलेली आहे. पहाटे पाचला उठवून रात्री दहाला परत आणलेल्या मुलाची झोप कोणत्या हिशेबात बसवायची? त्याचे संध्याकाळचे आकांडतांडव हट्टीपणाचे नसते, ते थकव्याचे असते. लहान मुलाचे शरीर आपल्यापेक्षा लवकर तापते. वय झालेल्या शरीराला घाम कमी येतो आणि तहानही उशिरा लागते. म्हणून अकरा ते चार ही वेळ दोघांनीही छपराखाली काढावी. आत बसून पाहण्याजोगे खेळ, थंड सभागृह, बसण्याची बाके आणि जवळ मुक्कामाची सोय असेल, तर ते उद्यान विचारात घ्यावे. नुसते सिमेंटचे रस्ते आणि लोखंडी मनोरे असतील, तर मे महिन्यात ते नकोच. एक इशारा इथेच देतो. झोपलेल्या नातवंडाला उभ्या मोटारीत ठेवून ‘आजी बसतील जवळ’ असे कोणी सुचवले, तर ठाम नकार द्यावा. काचा थोड्या उघड्या ठेवूनही उन्हातली मोटार काही मिनिटांत भट्टीसारखी तापते.

तिसरे माप पाण्याचे. वॉटर पार्क मुलांना आवडते, आणि नेमकी तिथेच सर्वाधिक दक्षता लागते. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते, आणि ते बहुधा आरडाओरडा न करता बुडते. पाच वर्षांखालील मुलाजवळ पाण्यात उतरलेला, हात लांबवला की त्याला धरता येईल इतक्या अंतरावरचा एक प्रौढ माणूस सतत हवा. काठावर खुर्ची टाकून ‘लक्ष ठेवणे’ पुरत नाही. दंडावरचे हवेचे फुगे हे खेळणे आहे, संरक्षण नव्हे. गुडघे दुखणाऱ्या किंवा तोल जाणाऱ्या आजीआजोबांनी हे काम अंगावर घेऊ नये. ओल्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडले तर सहलीची किंमत वर्षभर मोजावी लागते. आणखी एक गोष्ट. क्लोरीनने बहुतेक जंतू मरतात. पण जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतो. म्हणून नातवंडाला जुलाब होत असतील किंवा नुकतेच थांबले असतील, तर त्याच्या आणि इतरांच्याही हितासाठी पाण्याचा बेत पुढे ढकलावा. एरवीही तलावातले पाणी तोंडात जाऊ नये, हे मुलाला खेळाखेळात शिकवावे.

आता दोन दुखापतींविषयी. त्या आपल्याच मायेतून घडतात, म्हणून मुद्दाम सांगतो. घसरगुंडीवर मूल घाबरते, तेव्हा आजोबा त्याला मांडीवर घेऊन खाली येतात. दृश्य गोड दिसते. पण मुलाच्या बुटाचा तळ घसरगुंडीच्या कडेला अडकतो, आजोबांच्या वजनाचा वेग थांबत नाही, आणि मुलाच्या पायाची नळी पिरगळून मोडते. एकटे घसरणाऱ्या मुलाचा पाय अडकला तर ते फार तर थांबते. ज्या घसरगुंडीवर मूल एकटे बसू शकत नाही, ती त्याच्यासाठी अजून उंच आहे, असे समजावे. दुसरी दुखापत कोपराची. गर्दीत मागे रेंगाळणाऱ्या मुलाला हाताला धरून झटक्याने ओढले, किंवा दोन बाजूंनी दोघांनी हात धरून झोका दिला, की कोपराच्या सांध्यातले हाड जागेवरून किंचित सरकते. मूल रडते आणि तो हात लोंबता ठेवून वापरेनासे होते. अशा वेळी चोळू नये, घरच्या घरी ओढून बसवण्याचा प्रयोग करू नये. डॉक्टर तो सांधा बहुधा क्षणात जागेवर बसवतात. उचलताना नेहमी काखेत हात घालून उचलावे.

आणि आपले स्वतःचे काय? हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मणक्याचे किंवा मानेचे दुखणे, ठिसूळ झालेली हाडे यांपैकी काहीही असल्यास धक्के देणाऱ्या राइड्स वर्ज्य. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला बसलेला साधा टोलाही महागात पडतो. थीम पार्कला जोडून हल्ली बर्फाचे दालनही असते. उन्हातून एकदम गोठणबिंदूखालच्या थंडीत शिरल्याने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून दमा आणि हृदयविकार असणाऱ्यांनी बाहेरच थांबावे. मधुमेही व्यक्तीने इन्सुलिन गार राखणाऱ्या पिशवीत ठेवावे, खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर आणि गोंधळलेपण ही साखर उतरल्याची लक्षणे उन्हाचा शिणवटा म्हणून दुर्लक्षिली जातात. बाहेरचे खाद्यपदार्थ अनेक उद्यानांत नेऊ देत नाहीत. बाळाचे खाणे आणि मधुमेह्याचा डबा यांना सवलत आहे का, हे आधीच विचारून ठेवावे.

याहून एक नाजूक गोष्ट आहे. सहलीच्या दिवशी पुष्कळ आज्या पाणीच पीत नाहीत आणि लघवीची गोळीही परस्पर वगळतात. कारण एकच, स्वच्छतागृह कुठे असेल याची धास्ती. उन्हात हा उपाय मूळ त्रासाहून घातक ठरतो. गोळीची वेळ कशी बदलावी आणि पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना आधी विचारावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी क्षारसंजीवनीही विचारूनच घ्यावी. आणि उद्यानात शिरताच प्रथम स्वच्छतागृहांच्या जागा पाहून घ्याव्यात. नातवंडालाही त्या लागणारच आहेत.

ज्यांच्या घरी विस्मृतीच्या आजाराची व्यक्ती आहे, त्यांना एक विनंती. गोंगाट, गर्दी आणि अनोळखी जागा यांमुळे अशी व्यक्ती गोंधळून जाते. तिच्या भरवशावर लहान मूल क्षणभरही सोडू नये. दोघांच्याही खिशात घरच्या माणसाच्या भ्रमणध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी आणि निघताना दोघांचेही त्या दिवशीच्या कपड्यांतले छायाचित्र काढून घ्यावे.

मग जावे तरी कुठे? ज्यांनी 1989 मध्ये गोराईला सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डला आपल्या मुलांना नेले, त्यांना आता 2013 पासून खोपोलीजवळ उभे असलेले इमॅजिका खुणावते. मुले आठ-दहा वर्षांची असतील, तर अशा ठिकाणी जरूर जावे. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाला भव्यता कळत नाही. त्याला कळते ते हलणारे, जवळचे आणि पुन्हा पुन्हा करता येणारे. पुण्याच्या पेशवे उद्यानातली फुलराणी 1956 पासून धावते आहे, आणि तिच्यात बसलेल्या मुलाच्या आनंदाला कोणताही मनोरा जोड देऊ शकत नाही. मुंबईच्या राणीच्या बागेत जुन्या वृक्षांची दाट सावली आहे, पेंग्विन आहेत. कमला नेहरू उद्यानात म्हातारीचा बूट आहे. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात चालवत नसेल त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारी गाडी असते. माथेरानची 1907 पासूनची गाडीही मोहवते, पण नेरळहून वर चढताना दोन तासांहून अधिक वेळ आणि असंख्य वळणे लागतात. गाडी लागणाऱ्या मुलाला अमन लॉजपासूनचा छोटा टप्पाच पुरे.

लेकीसुनेकडे अमेरिकेला जाणाऱ्या आजीआजोबांनाही हाच प्रश्न पडतो. डिस्नीच्या उद्यानांत तीन वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. तिथली एक व्यवस्था माहीत असावी: मूल लहान असल्यास एक पालक राइडला जातो, दुसरा मुलापाशी थांबतो आणि नंतर पुन्हा पूर्ण रांग न लावता त्याला संधी मिळते. म्हणजे मूल सांभाळायला आजीआजोबांना दिवसभर बाकावर बसवण्याची गरज नाही. लेगोलँडची उद्याने मुख्यत्वे दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आखलेली आहेत. फ्लोरिडाचा उन्हाळा दमट आणि दुपारच्या गडगडाटी पावसाचा असतो. शक्य तर हिवाळ्यात जावे.

कोठेही गेलात तरी मुलाच्या भीतीचा मान राखावा. मोठ्या मुखवट्यातला उंदीर किंवा हत्ती आपल्याला गमतीचा वाटतो. तीन वर्षांच्या मुलाला मुखवट्याआड माणूस आहे हे सांगूनही पुरते पटत नाही. छायाचित्रासाठी त्याला ढकलू नये. दुरून हात हलवला तरी भेट झालीच.

शेवटी, बोलण्याविषयी. ‘आमचे काय, तुम्ही म्हणाल तसे’ हे वाक्य आपण समजूतदारपणे उच्चारतो. पण त्यामुळे नातवंडाची बाजूही मांडली जात नाही. त्याला ती मांडता येत नाही, आपल्याला येते. बेत ठरत असतानाच सांगावे, की आम्ही येऊ. पण दुपारी दोन तास विश्रांती हवी, दमलो की निघू, आणि मूल सांभाळण्याची पाळी सर्वांची असेल. आणि मुलासुनांनो, जावई-लेकींनो, हे ऐकताना त्यात तक्रार शोधू नका. त्या दिवशी संध्याकाळी तुमची लेक आजोबांचे बोट धरून, दोघेही हसत, आपल्या पायांनी फाटकाबाहेर आले, तर समजा की उद्यानाची निवड बरोबर होती.